स्टोरेज सर्व्हरवर एफटीपी : नेहमी येणारे प्रश्न

छापखाने, लग्नाचे फोटोग्राफर, दोन-तीन सीए ऑफिसं अशा ठिकाणचे स्टोरेज सर्व्हर मी सांभाळतो. खालचे प्रश्न तिथूनच येतात. बहुतेक व्हॉट्सअॅपवर, आणि दिवाळी अंकांच्या नाहीतर लग्नसराईच्या ऐन धावपळीत. आकडे इथे देवनागरीत छापलेत. सेटिंगच्या चौकटीत भरताना अर्थातच इंग्रजी आकडे भरा.

१. एफटीपी म्हणजे नेमकं काय? शेअर्ड फोल्डर आहे की आपल्याकडे.

शेअर्ड फोल्डर ऑफिसच्या चार भिंतींत चालतो. एफटीपी ही फाइल पोचवायची आणि उचलायची पद्धत आहे. समोर विंडोज असो, मॅक असो, झेरॉक्स मशीन असो की कॅमेरा, फरक पडत नाही. पद्धत फार जुनी आहे. पहिला मसुदा एप्रिल १९७१ चा. तो लिहिणारे अभय भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत होते. आज चालणारा नियमांचा संच १९८५ चा. म्हणजे वाय-फाय, घरगुती राउटर, हॅकर यांपैकी काहीच डोळ्यांसमोर नसताना ही रचना झाली. पुढची बहुतेक डोकेदुखी त्यातूनच येते.

२. मग ऑफिसात सगळ्यांना एफटीपीच देऊन टाकू का?

नको. ऑफिसात बसलेल्या माणसाला शेअर्ड फोल्डरच बरा. तिथे फाइल जागच्या जागी उघडते, आणि दुसऱ्याने उघडली असेल तर बहुतेक प्रोग्रॅम तसं सांगतात. एफटीपीत फाइल उतरवून घ्यायची, बदलायची, परत चढवायची. दोन ऑपरेटरनी एकच फाइल उतरवली, तर ज्याने शेवटी चढवली त्याचं काम राहतं, दुसऱ्याची दुपार वाया जाते.

एफटीपी द्यायचा तो तीन जणांना: बाहेरून मोठ्या फाइली पाठवणारा ग्राहक, ज्यांना दुसरं काही येतच नाही अशी यंत्रं (स्कॅनर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर), आणि लग्नमंडपातून थेट फोटो पाठवणारा कॅमेरा.

३. एफटीपी, एफटीपीएस, एसएफटीपी... यात फरक काय? कुठल्यावर टिक करू?

साध्या एफटीपीत युजरनेम आणि पासवर्ड उघडे जातात. पोस्टकार्डासारखे. मधल्या वाटेवर बसलेल्या कुणालाही वाचता येतात.

एफटीपीएस म्हणजे तोच एफटीपी, टीएलएसच्या, म्हणजे मजकूर गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीच्या, पाकिटात घातलेला. पोर्ट (सर्व्हरचा क्रमांक दिलेला दरवाजा) नेहमीचाच, २१. जुन्या पद्धतीच्या एफटीपीएसचा पोर्ट ९९०. तो लागला तरच उघडा.

एसएफटीपीचं नाव सारखं असलं तरी नातं काही नाही. ते एसएसएचवर (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करायच्या पद्धतीवर) चालतं, एकाच पोर्टवरून, २२. त्यामुळे प्रश्न ७ आणि ९ मधली भानगड तिथे होत नाही. समोरच्याकडे फाइलझिला किंवा विनएससीपी (फाइली चढवायचे-उतरवायचे प्रोग्रॅम, म्हणजेच क्लायंट) असेल तर मी सरळ एसएफटीपी देतो. एफटीपीएस त्यांच्यासाठी, ज्यांच्या यंत्राला एसएफटीपी येत नाही. साधा एफटीपी फक्त ऑफिसच्या आतल्या जुन्या यंत्रांसाठी (प्रश्न १४).

४. सुरुवात कुठून करायची? क्रम सांगा.

सेवा चालू करणं सगळ्यात शेवटी. लोक ते सगळ्यात आधी करतात.

आधी एक वेगळा शेअर्ड फोल्डर बनवा, समजा ‘आवक’. मग एक गट बनवा. त्याला ‘आवक’ सोडून प्रत्येक फोल्डरवर ‘प्रवेश नाही’. प्रत्येक ग्राहकाचा वेगळा युजर काढून या गटात टाका. अॅडमिनचं लॉगिन एफटीपीला वापरायचं नाही, अगदी तपासायलासुद्धा. सर्व्हरला राउटरवरून कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या, म्हणजे वीज जाऊन आली की पत्ता बदलायचा नाही. त्यानंतर सेवा. सिनॉलॉजी कंपनीच्या सर्व्हरवर ती कंट्रोल पॅनेलमध्ये, फाइल सर्व्हिसेसखाली, एफटीपीच्या टॅबमध्ये आहे. क्यूनॅप आणि ट्रूनॅस या दुसऱ्या सर्व्हरवर जागा वेगळी, पण चौकटी साधारण त्याच: पोर्ट, पॅसिव्ह पोर्टची रेंज (प्रश्न ७), एका वेळी किती जोडण्या, टीएलएस, युजरची मूळ जागा.

पॅसिव्ह रेंज स्वतः ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. मी ५५५३६ ते ५५५९९ ठेवतो. ६४ पोर्ट लहान ऑफिसला भरपूर होतात.

५. एका ग्राहकाला दुसऱ्या ग्राहकाचे फोल्डर दिसतायत. आता?

ताबडतोब सेवा बंद करा, मग पुढचं वाचा. एका छापखान्यात हे माझ्याच हातून झालं होतं. लग्नपत्रिकावाल्या एका ग्राहकाने फोन करून विचारलं, “अहो, समोरच्या दुकानदाराला तुम्ही रेट कमी का लावता?” ‘आवक’मध्ये कोटेशनचा फोल्डर पडलेला होता, आणि तो सगळ्यांना उघडत होता.

उपाय दोन आहेत, दोन्ही करायचे. पहिला, युजरची मूळ जागा बदला, म्हणजे लॉगिन केल्यावर त्याला त्याचाच फोल्डर ‘सगळ्यात वरचा’ दिसेल आणि त्याच्या वर चढताच येणार नाही. लिनक्सवाले याला सीएचरूट म्हणतात. दुसरा, परवानग्यांमध्येच दुसऱ्याचे फोल्डर नाकारा. पहिल्यावर एकट्यावर विसंबू नका. तो एफटीपीपुरता असतो. तोच युजर उद्या शेअर्ड फोल्डरमधून आत शिरला तर सगळं दिसतं.

लिनक्सवर व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर वापरत असाल, तर युजरला त्याच्या मूळ जागेत लिहायची परवानगी दिलीत की तो लॉगिनच नाकारतो आणि ५०० नंबरची तक्रार करतो. मूळ फोल्डर फक्त वाचण्यापुरता ठेवा, त्याच्या आत ‘अपलोड’ नावाचा फोल्डर करून लिहायची परवानगी तिथे द्या.

६. क्रोममध्ये एफटीपीचा पत्ता टाकला, काहीच उघडत नाही. सर्व्हर बंद आहे का?

सर्व्हर ठीक आहे. फायरफॉक्स आणि क्रोम या दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकला. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये साधा एफटीपी चालतो, टीएलएस चालत नाही. मॅकच्या फाइंडरमधून फक्त वाचता येतं, चढवता येत नाही. ग्राहकाला फाइलझिला नाहीतर विनएससीपी घ्यायला सांगा. आणि घेताना मूळ जागेवरूनच, कारण फुकटच्या सॉफ्टवेअरच्या इतर साइटवर सोबत नको ती पाहुणेमंडळीही येतात.

७. लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी येतच नाही. नुसतं फिरत राहतं.

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

एफटीपीत दोन जोडण्या असतात. एक बोलण्याची, पोर्ट २१ वर. युजरनेम, पासवर्ड, ‘हा फोल्डर दाखव’, ‘ही फाइल दे’ हे सगळं तिच्यावर. दुसरी माल नेण्याची. दर फाइलला ती नवी उघडते, आणि फोल्डरची यादी हाही मालच. तुमचं लॉगिन झालं म्हणजे पहिली जोडणी चालते आहे. यादी येत नाही म्हणजे दुसरी अडली आहे.

दुसरी जोडणी कोणी करायची यावरून दोन प्रकार. अॅक्टिव्हमध्ये सर्व्हर ग्राहकाच्या संगणकाकडे जोडणी करतो, सहसा स्वतःच्या पोर्ट २० वरून. पण ग्राहक राउटरच्या मागे असतो, त्याचा फायरवॉल बाहेरून आलेल्याला दारातच अडवतो. म्हणून पॅसिव्ह. त्यात सर्व्हर म्हणतो, ‘मी अमुक पोर्टवर थांबलोय, तूच ये.’

हे फाइलझिलाच्या वरच्या लॉगमध्ये डोळ्यांनी दिसतं. २२७ नंबरची ओळ शोधा. तिच्यात सहा आकडे असतात, उदाहरणार्थ १९२,१६८,१,१०,२१७,२०. पहिले चार म्हणजे आयपी. शेवटच्या दोनांतून पोर्ट निघतो: २१७ गुणिले २५६, अधिक २०, बरोबर ५५५७२.

आता या एका ओळीतून आजार ओळखता येतो. ग्राहक नाशिकात, सर्व्हर पुण्यात, आणि ओळीत १९२.१६८.१.१० दिसतोय? तर सर्व्हर बाहेरच्या माणसाला घरातला पत्ता सांगतोय. सेटिंगमध्ये ‘पॅसिव्हमध्ये बाहेरचा आयपी कळवा’ अशा अर्थाची चौकट असते, तिच्यावर टिक करा. पत्ता बरोबर आहे, पण पोर्ट तुमच्या रेंजबाहेरचा? तर रेंज सेव्ह झालेली नाही. दोन्ही बरोबर असूनही अडतंय? तर राउटरवर ती रेंज उघडलेली नाही. लोक फक्त २१ उघडतात आणि थांबतात.

८. राउटरवर सगळे पोर्ट उघडले, तरी बाहेरून लागतच नाही. लॉगिनचा डबासुद्धा येत नाही.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्याही आकड्याने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने बऱ्याच ग्राहकांत वाटलाय. सोसायटीच्या गेटवर फ्लॅट नंबर न सांगता पार्सल ठेवल्यासारखं होतं. तुमच्या राउटरवर काहीही उघडा, वॉचमनला ते माहीतच नसतं.

रस्ते दोन. इंटरनेट कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या. नाहीतर टेलस्केलसारखं खाजगी नेटवर्क सर्व्हरवर आणि ग्राहकाकडे बसवा. ते आतून बाहेर जोडतं, म्हणून सीजीनॅट आडवं येत नाही. ठरलेले चार-पाच ग्राहक असतील तर मला दुसरा रस्ता जास्त पटतो, कारण त्यात इंटरनेटवर एकही पोर्ट उघडा राहत नाही.

वॅनचा पत्ता खरोखर सार्वजनिक आहे, पण दर काही दिवसांनी बदलतो? तर डीडीएनएस लावा, म्हणजे पत्ता बदलला तरी नाव एकच राहील. आणि तपासणी ऑफिसच्या वाय-फायवरून करू नका. कित्येक राउटर आतून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत. मोबाइलच्या डेटावरून बघा.

९. साधा एफटीपी छान चालला होता. टीएलएस चालू केलं आणि बंद पडला!

आधी तो चालत होता तो राउटरच्या मेहेरबानीने. बऱ्याच राउटरमध्ये एफटीपीचं बोलणं चोरून ऐकणारी सोय असते. २२७ ची ओळ दिसली की ती आतला पत्ता बदलून बाहेरचा घालते आणि तेवढ्यापुरता पोर्ट उघडते. टीएलएस आलं की बोलणं पाकिटात बंद, राउटरला काही ऐकूच येत नाही. आता रेंज आणि बाहेरचा पत्ता तुम्हालाच सांगावा लागणार. प्रश्न ७ मधलं सगळं करा.

सर्टिफिकेटचा इशारा येतो तो वेगळा. सर्व्हरने स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट असेल तर इशारा येणारच. ग्राहकाला फोनवर सर्टिफिकेटचा ठसा (फिंगरप्रिंट) वाचून दाखवा, जुळला की ‘नेहमी विश्वास ठेवा’ करायला सांगा. स्वतःचं डोमेन असेल तर लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट लावता येतं.

१०. ५३०, ५५०, ४२५ हे आकडे काय सांगतात?

५३० म्हणजे लॉगिन नाकारलं. पासवर्ड तर बघाच, पण त्या युजरला एफटीपी वापरायचा हक्क दिलाय का तेही बघा. अनेक सर्व्हरवर तो वेगळा द्यावा लागतो. ५५० म्हणजे फाइल नाही किंवा परवानगी नाही. ५५२ म्हणजे कोटा संपला. ४२५ म्हणजे दुसरी जोडणी झाली नाही (प्रश्न ७). ४२१ म्हणजे सर्व्हरने जोडणी तोडली: एक तर गर्दी झाली, नाहीतर समोरचा बराच वेळ गप्प बसला. चारने सुरू होणारा आकडा ‘थोड्या वेळाने बघ’ म्हणतो, पाचने सुरू होणारा ‘असं जमणार नाही’.

११. फाइलींची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात. आणि काही फाइली ‘नाव फार लांब’ म्हणून जातच नाहीत.

प्रश्नचिन्हांचं औषध सोपं: सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांना चालणारी अक्षरांची पद्धत) सक्तीचं करा. ‘ऑटो’वर सोडू नका.

लांबीचं जरा मजेशीर आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘महाराष्ट्र’ दिसायला चार अक्षरं, मोजायला दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. २५५ मध्ये अशी ८५ चिन्हं मावतात. फोल्डर जुन्या ईक्रिप्टएफएस पद्धतीने एन्क्रिप्ट केलेला असेल तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे फक्त ४७ चिन्हं. ‘दिवाळी अंक मुखपृष्ठ अंतिम दुरुस्ती नंतरचे नक्की शेवटचे’ हे नाव तिथे मावत नाही. डीटीपीवाल्यांना हे कोणीतरी सांगा.

आणखी एक खोडी: एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात. ‘वऱ्हाड’ आणि ‘वऱ्हाड’. काही मॅक प्रोग्रॅम ‘ऱ’ हे अक्षर र आणि नुक्ता असं फोडून पाठवतात, विंडोजवरून ते सलग येतं. डोळ्याला एक, सर्व्हरला दोन. माझा नियम असा: फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मराठी फोल्डरच्या नावापुरतं, तेही आखूड.

१२. पीडीएफ पोचली, पण उघडत नाही किंवा अर्धीच छापली गेली.

आकार जुळवा. मूळ फाइल आणि पोचलेली यांच्या बाइटमध्ये थोडाच फरक असेल, तर ती आस्की मोडमध्ये गेली. त्या मोडमध्ये ओळींच्या शेवटची चिन्हं बदलली जातात. मजकुराला ते चालतं, पीडीएफ, फोटो, झिप यांची मात्र माती होते. क्लायंटमध्ये बायनरी पक्कं करा.

फाइल बरीच लहान असेल तर ती अर्ध्यात तुटली. फाइलझिलात परत पाठवताना ‘पुढे चालू’ निवडलं की उरलेली तेवढीच जाते.

तिसरा प्रकार छापखान्यातला. एका ठिकाणी छपाईचं सॉफ्टवेअर ‘आवक’ फोल्डरवर डोळा ठेवून होतं. फाइल आली की उचल आणि छाप. ग्राहकाची ६०० एमबीची फाइल अजून चढत होती, तेवढ्यात त्याने ती उचलली. सुरुवातीची पानं सुरेख, पुढे कोरा कागद, रात्री अकरा वाजता. तेव्हापासून फाइल तात्पुरत्या नावाने चढवायची आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं असं ठरवलं. एसएफटीपीवर विनएससीपी मोठ्या फाइली तशाच चढवतो. जिथे क्लायंटला ते जमत नाही तिथे ‘आवक’ वेगळा, ‘छपाई’ वेगळा, आणि मधे एक माणूस.

१३. फाइल शंभर टक्के जाते, आणि मग ‘फेल’ म्हणतो.

मोठी फाइल जाताना मालाची जोडणी धावत असते आणि बोलण्याची जोडणी तासभर मूग गिळून बसते. मधल्या राउटरला वाटतं ही मेली, तो तिला विसरून जातो. शेवटी सर्व्हर २२६, म्हणजे ‘पोचलं’, म्हणतो ते ऐकायला कोणी नसतं. फाइल बहुधा नीट पोचलेली असते. आकार जुळवून बघा, आणि क्लायंटमध्ये कीप-अलाइव्ह (गप्प जोडणी जागती ठेवायची सोय) चालू करा.

१४. आमच्या स्कॅनरला टीएलएस येतच नाही. नवा घ्यायचा का?

त्यासाठी नाही. स्कॅनरचा स्वतंत्र युजर, एकच फोल्डर, आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये नियम: साधा एफटीपी फक्त स्कॅनरच्या आयपीवरून. एकाच सेवेवर बाहेरच्यांना टीएलएस सक्तीचं आणि आतल्या एकाला माफ असं जमत नसेल, तर बाहेरच्यांना एसएफटीपी द्या आणि एफटीपी घरातच ठेवा. जुन्या स्कॅनरना लांब किंवा चिन्हं असलेला पासवर्ड झेपत नाही. लॉगिन अडलं तर आधी तो साधा करून बघा.

१५. सर्व्हरवरची वेळ साडेपाच तास मागे दिसते.

तो बरोबर वेळच सांगतोय, फक्त ग्रिनिचची. सर्व्हरचा टाइम झोन कोलकाता करा. तरीही फरक राहिला तर फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये सर्व्हरच्या वेळेतला फरक भरायची चौकट आहे. ‘नवीन असेल तरच बदला’ असा पर्याय वापरत असाल तर हे आधी करा, नाहीतर नवी फाइल जुनी समजून सोडली जाईल.

१६. १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, तरी इतका हळू का?

एमबीपीएसमध्ये बिट असतात. बाइट काढायला आठाने भागा. १०० म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी. आणि ग्राहक पाठवतो तेव्हा त्याचा अपलोड मोजायचा. ४० जीबीचं लग्न ५० एमबीपीएसच्या अपलोडवर पावणेदोन तास घेतं. ऑफिसात गिगाबिट केबलवर तेच सहा-सात मिनिटांचं काम. फाइली हजारोंनी आणि बारीक असतील तर आकड्यापेक्षाही हळू, कारण दर फाइलला नवी जोडणी. झिप करून पाठवा.

१७. ग्राहकाला पासवर्डची कटकट नको. अनामिक लॉगिन ठेवलं तर?

वाचण्यापुरतं, ऑफिसच्या आत, एखाद्या फोल्डरला: ठीक. बाहेरून, लिहायच्या परवानगीसह: कधीच नाही. कोणीतरी तुमचा सर्व्हर चोरीच्या सिनेमांचं गोदाम करेल. एखाद्-दुसरी फाइल यायची असेल तर सिनॉलॉजी, क्यूनॅपवर ‘फाइल मागवा’ची मुदतबंद लिंक बनते. ती पाठवा, एफटीपी राहू द्या.

१८. लॉगमध्ये रोज शेकडो लोक लॉगिन करायचा प्रयत्न करतात! कोण आहेत हे?

लोक नाहीत, यंत्रं. पोर्ट २१ उघडा दिसला की ती ‘अॅडमिन’, ‘रूट’, ‘टेस्ट’ ही नावं ठोकून बघतात. काही चुका झाल्या की आयपी आपोआप अडवायची सोय चालू करा, आणि ऑफिसचा स्वतःचा आयपी अपवादात टाका, नाहीतर सोमवारी सकाळी चुकीचा पासवर्ड मारून तुम्हीच बाहेर. २१ ऐवजी दुसरा पोर्ट ठेवला की ही गर्दी कमी होते. कुलूप मात्र त्याने मजबूत होत नाही.

१९. ग्राहकाने चुकून सगळा फोल्डर उडवला. परत मिळेल?

रीसायकल बिन एफटीपीवरून उडवलेल्या फाइलींना लागू आहे का, हे प्रत्येक सर्व्हरवर एक फालतू फाइल उडवून स्वतः तपासा. आजच. स्नॅपशॉट (सर्व्हरने ठरावीक वेळी जपून ठेवलेली फोल्डरची जुनी अवस्था) असतील तर चिंता नाही. आणि मुळात ग्राहकाला लिहायची परवानगी द्या, पुसायची कशाला?

२०. लॉग किती दिवस ठेवायचे?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवस म्हटलंय, आणि सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या पद्धतीने) जुळवलेलं हवं असंही. ‘फाइल पाठवली होती’, ‘नव्हती’ या भांडणात लॉग लगेच कामाला येतो: कोणी, कुठल्या आयपीवरून, किती वाजता, किती बाइट. मात्र एक लॉगिन चौघांत वाटलेलं असेल तर ‘कोणी’चं उत्तर लॉगमध्ये नसतं.

२१. ऑपरेटर नोकरी सोडून गेला. पासवर्ड बदलला, पुरे ना?

त्याचा युजर निष्क्रिय करा. पुसू नका, जुन्या लॉगमध्ये नाव राहू द्या. त्याच्या टेबलावरच्या संगणकातलं फाइलझिलाही उघडून बघा. मास्टर पासवर्ड लावलेला नसेल तर साइट मॅनेजरमधले सगळे पासवर्ड तिथे जवळजवळ उघडेच पडलेले असतात. ती फाइल पेनड्राइव्हवर न्यायला अर्धा मिनिट लागतो. त्या यादीत जितके ग्राहक, तितके पासवर्ड बदलायचे.